स्क्वाँक खरा होता का, आणि तो रडत का होता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या लेकीला शाळेत स्क्वाँक नावाच्या प्राण्याची गोष्ट सांगितली. तो पेन्सिल्व्हेनियाच्या जंगलात राहतो, आपल्या कुरूप कातडीची लाज वाटून सतत रडतो, आणि कुणी पकडलाच तर आसवांत विरघळून जातो. त्याला लॅटिन शास्त्रीय नाव आहे हे कळल्यावर तिला वाटलं, म्हणजे कुणा शास्त्रज्ञाने तो पाहिला असणार. आता ती रोज झोपताना विचारते की तो खरंच होता का, आणि नसेल तर इतका दुःखी प्राणी मुद्दाम कुणी कशाला रचला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे: नव्हता. दुसरा प्रश्न मात्र फार चांगला विचारलाय पोरीने, आणि त्यावर मला मनापासून लिहायचंय. मी वनशास्त्राची. हेमलॉक या झाडाला लागलेल्या किडीच्या पाहणीसाठी पेन्सिल्व्हेनियात १७ हिवाळे रानात काढले. स्क्वाँकचं घर म्हणून ज्या जंगलाचं नाव घेतलं जातं ते हेच. प्राणी नव्हता, पण त्याचं घर मी जवळून ओळखते, आणि तो का रडतो याचं उत्तर त्या घरातच आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी मूळ मजकूर काय आहे ते सांगते, कारण पुढे सांगणाऱ्यांनी त्यात बरीच भर घातली आहे. स्क्वाँकची पहिली ठाऊक असलेली छापील नोंद १९१० ची. विल्यम टी. कॉक्स या वनाधिकाऱ्याने ‘फिअरसम क्रीचर्स ऑफ द लंबरवुड्स’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. लाकूडतोड्यांच्या तळांवर रात्री शेकोटीशी जे चित्रविचित्र प्राणी सांगितले जायचे, त्यांची त्यात ओळीने वर्णनं आहेत. स्क्वाँकबद्दल कॉक्स म्हणतो, हा प्राणी पेन्सिल्व्हेनियाबाहेर फारसा कुणाला माहीत नाही. स्वभावाने बुजरा. सांजवेळी आणि अंधार पडताना बाहेर पडतो. कातडी अंगाला नीट बसत नाही, वर चामखिळी आणि तीळ, त्यामुळे कायम दुःखी. माग काढण्यात तरबेज असलेले शिकारी त्याच्या आसवांच्या ओल्या रेघेवरून त्याच्यापर्यंत पोचतात. कोंडीत सापडला किंवा दचकला की तो आसवांत विरघळूनही जातो. शिकारीला सगळ्यात चांगली वेळ कडाक्याच्या थंडीतली चांदणी रात्र, कारण तेव्हा आसवं सावकाश गळतात आणि त्याला हालचाल नको वाटते. हेमलॉकच्या काळोख्या फांद्यांखाली तेव्हा त्याचं रडणं ऐकू येतं.

एवढंच. ‘लाज’ हा शब्द कॉक्सच्या मजकुरात नाही हे लेकीला जरूर सांगा. तिथे स्क्वाँक लोकांच्या नजरेला घाबरून रडत नाही. त्याची कातडी त्याला बसत नाही, म्हणून तो दुःखी आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि का ते पुढे येईलच.

लॅटिन नाव आहे लॅक्रिमाकॉर्पस डिझॉल्व्हेन्स. लॅक्रिमा म्हणजे अश्रू, कॉर्पस म्हणजे देह, डिझॉल्व्हेन्स म्हणजे विरघळणारा. हे नाव ज्याने दिलं तो खरोखरच शास्त्रज्ञ होता, त्यामुळे तुमच्या लेकीचा तर्क अगदीच चुकलेला नाही. जॉर्ज सडवर्थ हा अमेरिकन वनसेवेचा वृक्षशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या झाडांची नावं ठरवण्यात ज्याच्या शब्दाला वजन होतं असा माणूस. त्याच हाताने त्याने या पुस्तकातल्या प्राण्यांचीही लॅटिन नावं घडवली. चित्रं काढली कोअर्ट ड्यूबॉइसने. तोही कॅलिफोर्नियातला वनाधिकारी, पुढे १९१४ साली तिथल्या वणव्यांपासून जंगलं राखण्याची पद्धतशीर योजना त्याने लिहिली. स्वतः कॉक्स १९११ मध्ये मिनेसोटा राज्याचा पहिला मुख्य वनाधिकारी झाला.

म्हणजे लिहिणारा, रेखाटणारा आणि नाव ठेवणारा, तिघेही वनखात्याचे. १९३९ मध्ये अशाच प्राण्यांवर आणखी एक पुस्तक आलं, ते लिहिणारा हेन्री ट्रायन हासुद्धा न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लॅक रॉक फॉरेस्टचा संचालक होता. आमच्या पेशाच्या माणसांनी या गोष्टी जिवापाड जपल्या याचं मला नवल वाटत नाही. दिवसभर झाडांचे घेर मोजायचे, त्यातून किती फूट लाकूड निघेल याचे आकडे मांडायचे, आणि रात्री ज्यांनी ती झाडं पाडायची त्यांच्याच शेकोटीला बसायचं, असं त्यांचं आयुष्य होतं. कॉक्सची प्रस्तावना वाचताना माझा गळा अजून दाटतो. तो लिहितो की लाकडाचे प्रदेश आक्रसत चाललेत. अंत नाही असं वाटणारी जंगलं जवळजवळ संपली. ओंडक्यांनी भरून वाहणाऱ्या नद्या गप्प झाल्या. जुन्या धाटणीचा लाकूडतोड्याच नामशेष होतोय असं काही जण म्हणतात. तेव्हा त्याने निर्माण केलेल्या प्राण्यांचं निदान वर्णन आणि चित्र तरी मागे राहावं, हा त्याचा हेतू.

आता पकडल्याची गोष्ट. पुस्तकात जे. पी. वेंटलिंग या माणसाचं नाव येतं. पेन्सिल्व्हेनियात माँट आल्टोजवळ त्याने स्क्वाँकच्या आवाजाची नक्कल केली, त्याला भुलवून पोत्यात उडी मारायला लावली आणि पोतं पाठीवर टाकून घराकडे निघाला. वाटेत ओझं एकदम हलकं झालं. पोतं उघडून पाहतो तो आत फक्त आसवं आणि बुडबुडे.

माँट आल्टो हे गाव असंच निवडलेलं नाही. १९०३ साली तिथे पेन्सिल्व्हेनियाची वनविद्येची शाळा निघाली, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या वनशाळांपैकी एक, आणि वेंटलिंग तिथे शिकवत असे. आज तिथे पेन स्टेट विद्यापीठाचं केंद्र आहे. म्हणजे ही गोष्ट एका वनशिक्षकाच्या नावावर, वनशाळेच्या दारात घडते. आणि त्या पोत्याकडे नीट पाहा. अमेरिकेत नवख्याची थट्टा करण्याचा एक जुना खेळ आहे. त्याला सांगायचं, चल, स्नाइप पक्षी पकडायला जाऊ. त्याच्या हातात पोतं द्यायचं, अंधारात रानात बसवायचं, अमुक आवाज काढत राहा म्हणायचं, आणि बाकीच्यांनी गुपचूप घरी जाऊन झोपायचं. पोतं, रात्र, आवाजाची नक्कल आणि शेवटी रिकामे हात, हे सगळं वेंटलिंगच्या गोष्टीत जसंच्या तसं आहे. नवीन विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली? फरक एवढाच की इथे पोतं नुसतं रिकामं राहत नाही, ओलं होतं. थट्टेची गोष्ट त्या ओलीपाशी थट्टा राहत नाही, आणि मला ती तिथेच सगळ्यात आवडते.

या प्राण्यांतले बाकीचे बहुतेक कामातल्या धोक्यांतून आलेले आहेत. ॲग्रोपेल्टर नावाचा एक आहे, तो पोकळ झाडात बसतो आणि खालून जाणाऱ्यावर वाळलेल्या फांद्या फेकून मारतो. जुन्या जंगलात सुकलेली फांदी वरून सुटून डोक्यात पडणं हे लाकूडतोड्याच्या मरणाचं नेहमीचं कारण. अशा फांदीला त्यांच्या बोलीत ‘विडोमेकर’ म्हणत, बायकोला विधवा करणारी. स्प्लिंटरकॅट हे रानमांजर तोंड आपटून झाडं फोडतं. वादळाने किंवा विजेने चिरफाळलेलं झाड दिसलं की त्याचं काम म्हणायचं. विस्कॉन्सिनमधल्या राइनलँडर गावचा होडॅग तर पुढे जत्रेत मांडला गेला. यूजीन शेपर्ड नावाच्या इसमाने १८९६ च्या जत्रेत लाकूड, कातडं आणि शिंगं जोडून केलेला होडॅग अंधाऱ्या तंबूत ठेवला, तारांनी हलवला आणि पाहणाऱ्यांकडून पैसे घेतले. पुढे सोंग त्यानेच कबूल केलं, पण गावाने होडॅगला सोडलं नाही. तिथल्या हायस्कूलचं तो आजही चिन्ह आहे.

स्क्वाँक यांच्यात बसत नाही. तो कुणाला मारत नाही, कुणावर काही फेकत नाही, जत्रेत मांडता येत नाही. त्यामुळे तो कुठल्या भीतीतून आला असं विचारून काही हाती लागत नाही. तो कुठल्या रानातून आला हे विचारायला हवं.

हेमलॉक म्हटलं की आपल्याकडे सॉक्रेटिसचा विषाचा पेला आठवतो. ते निराळं, ती गाजराच्या कुळातली विषारी वनस्पती. इथला हेमलॉक हा देवदारासारखा सूचिपर्णी वृक्ष, शास्त्रीय नाव त्सुगा कॅनडेन्सिस, १९३१ पासून पेन्सिल्व्हेनियाचा राज्यवृक्ष. फार सावकाश वाढतो आणि पाचशे वर्षांच्या पुढेही जगतो. पानं म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या चपट्या सुया, प्रत्येकीच्या खालच्या बाजूला दोन बारीक पांढऱ्या रेघा. शेंड्याचं टोक ताठ उभं नसतं, एका बाजूला वाकलेलं असतं. दुरून पाहिलं तर मान खाली घातल्यासारखं वाटतं. सावली इतकी दाट की खाली गवतसुद्धा धड उगवत नाही. भर दुपारी आत शिरलात तरी डोळे सरावायला वेळ लागतो. ओढ्याकाठी ही झाडं असली की पाणी उन्हाळ्यात गार राहतं, आणि ट्राउट मासे त्या गारव्यावरच जगतात. फांद्यांवरचं धुकं आणि वितळणारा बर्फ दिवसभर टपटपत असतो. ‘सांजवेळी बाहेर पडणारा’ आणि ‘ओल्या रेघेचा’ प्राणी अशा रानात कुणाला सुचला नसता तरच नवल.

पण खरी गोष्ट सालीची आहे. हेमलॉकच्या सालीत साधारण १० टक्के टॅनिन असतं, आणि कच्चं कातडं कमवायला टॅनिन लागतं. आपल्याकडे बाभळीची नि तरवडाची साल आणि हिरड्याची फळं यासाठी वापरत आले आहेत, ते टॅनिनसाठीच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला बूट, खोगिरं, कारखान्यांतल्या यंत्रांचे पट्टे हे सगळं कातड्याचंच लागे. कातडं दुरून आणणं परवडे, साल परवडत नसे, कारण ती भाराभर लागायची. म्हणून टॅनऱ्याच, म्हणजे कातडी कमावण्याचे कारखानेच, हेमलॉकच्या जंगलात येऊन बसले. धंदा केवढा मोठा होता याची कल्पना यावी म्हणून सांगते: १८९६ मध्ये अमेरिकन शेअर बाजाराचा डाऊ जोन्स औद्योगिक निर्देशांक पहिल्यांदा काढला तेव्हा त्यातल्या १२ कंपन्यांत एक कातड्याची होती, युनायटेड स्टेट्स लेदर.

साल काढायचं काम मे ते ऑगस्ट, झाडात रस चढलेला असताना, कारण तेव्हाच ती सुटते. पेन्सिल्व्हेनियात लाकूडतोड्याला ‘वुडहिक’ म्हणत. हा वुडहिक झाड पाडायचा, खोडाभोवती दर चार फुटांवर कुऱ्हाडीने गोल खाच मारायचा, एक उभी चीर द्यायचा आणि चपट्या पात्याच्या पहारीसारखं हत्यार सालीखाली सारून ती अख्खी सोलून काढायचा. पॉटर काउंटीतल्या पेन्सिल्व्हेनिया लंबर म्युझियममध्ये जुलैच्या सुरुवातीला सालकाढ्यांचा मेळावा भरतो, तिथे ते करून दाखवतात. मीही एकदा ते हत्यार हातात घेतलं होतं. साल निघताना ओला फाटल्याचा आवाज येतो. खालचं खोड फिकट, गुळगुळीत आणि ओलं असतं, इतकं की हात ठेवला तर घसरतो. बाहेरून मात्र तीच साल खरबरीत, भेगाळलेली, गाठी-खवल्यांची. सोललेली साल उन्हात ठेवली की कडा आत वळतात. मग ती पुन्हा कुठल्याही खोडाला बसत नाही.

तिथे उभी असताना मला स्क्वाँकची कातडी कळली. सुरुवातीच्या काळात पाइनला भाव होता, हेमलॉकच्या लाकडाला नव्हता. त्यामुळे साल काढून घेऊन कितीतरी ठिकाणी सोललेली खोडं तशीच कुजत टाकली. जनावराच्या कातडीसाठी झाडाची कातडी काढायची, हा तिथला रोजचा उद्योग. त्या रानातल्या माणसांनी एक प्राणी रचला आणि त्याचं सगळं दुःख त्याच्या कातडीत घातलं, ती न बसणारी, चामखिळींनी भरलेली. मी हा निव्वळ योगायोग मानायला तयार नाही. कॉक्सने असं कुठे लिहिलेलं नाही, हे माझं वाचन आहे, पण सोललेलं हेमलॉक ज्याने हाताने चाचपून पाहिलंय त्याला हे पटवून द्यावं लागणार नाही.

१९२० च्या सुमाराला पेन्सिल्व्हेनियाचं जुनं जंगल जवळपास संपलं होतं. मागे राहिलेल्या फांद्या-पाल्याला रेल्वेच्या ठिणग्यांनी आगी लागत. १९२३ मध्ये ॲलेगेनी राष्ट्रीय वन स्थापन झालं तेव्हा लोक त्याला झुडपांचा तुकडा म्हणून हिणवत. म्हणजे १९१० मध्ये ‘पकडला की विरघळून जातो’ असं ज्या रानाबद्दल लिहिलं गेलं, ते रान लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तसंच विरघळत होतं.

आता त्याच्या आवाजाबद्दल. एका नोव्हेंबरात आम्ही ओढ्याकाठच्या खोपट्यात मुक्कामाला होतो. रात्री पारा शून्याच्या बराच खाली, चांदणं लख्ख. मी लाकडं आणायला बाहेर आले आणि उतारावरच्या हेमलॉकमधून रडणं ऐकू आलं. लहान मूल रडून रडून थकल्यावर जसं कण्हत राहतं, मध्येच हुंदका येतो, तसं. पहिल्या क्षणी मनात प्राणी आलाच नाही, कुणाचं तरी पोर हरवलंय असंच वाटलं. बॅटरी घेऊन वर गेले. झाडाखाली बर्फावर हिरव्या डहाळ्यांची ताजी टोकं पसरली होती, दातांनी तिरकी तोडलेली. वर फांदीच्या बेचक्यात साळिंदर बसलेलं. उत्तर अमेरिकेतलं साळिंदर झाडावर चढतं आणि हिवाळ्यात हेमलॉकची साल आणि पाला त्याचं आवडतं खाणं. शरद ऋतूत मीलनाच्या काळात ते असंच कण्हतं, रडतं. प्रकाश पडला तसं थांबलं. मी बॅटरी विझवून निश्चल उभी राहिले, आणि थोड्या वेळाने ते पुन्हा रडू लागलं. कडाक्याची थंडी, चांदणं, काळोख्या फांद्या, त्यांच्याखाली रडणं, कॉक्सचं वाक्य शब्दशः माझ्यासमोर होतं. लाकूडतोड्यांनी हा आवाज हजारदा ऐकला असणार. बेढब, खरखरीत अंगाचा, सांजवेळी हिंडणारा, माणूस दिसला की पाठ फिरवणारा असा हा जीव आहे. स्क्वाँकला आवाज याच्याकडून मिळाला असं मी समजते.

तुम्ही न्यू जर्सीत आहात, तेव्हा लेकीला घेऊन एकदा जाऊन या. वायव्य पेन्सिल्व्हेनियातल्या कुक फॉरेस्टमध्ये कुऱ्हाडीतून वाचलेले जुने हेमलॉक आणि पाइन अजून उभे आहेत. त्यांच्याकडे पाहताना मान दुखते इतके ते उंच आहेत. आता त्यांच्यामागे आमच्या कामाची ती कीड लागली आहे, हेमलॉक वूली ॲडेल्जिड. मूळची जपानची, पूर्व अमेरिकेत पहिल्यांदा १९५१ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ आढळली. एक मिलिमीटरही लांब नाही. सुईच्या बुडाशी तोंड खुपसून झाडाने साठवलेलं अन्न शोषते, उन्हाळ्यात झोपते आणि नेमकी हिवाळ्यात खाते, म्हणून आम्हाला हिवाळ्यात रानात जावं लागतं. लागण झाल्यावर काही वर्षांत पाच शतकांचं झाड वाळतं. औषध आहे, खोडाशी किंवा मुळाशी देतात, पण सगळ्या जंगलाला पुरणं शक्य नाही. म्हणून किडीला खाणारे भुंगेरेही सोडले जातात.

तिथे गेल्यावर हाताला लागेल अशी खालची एखादी फांदी, न तोडता, हळूच उलटी करून लेकीला दाखवा. सुयांच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा दिसल्या की झाड बरोबर ओळखलं. सुयांच्या बुडाशी, डहाळीला चिकटून, कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखे पांढरे ठिपके असले तर जागा नीट लक्षात ठेवून फोटो काढा आणि राज्याच्या वनखात्याला पाठवा. अशा नोंदींचा आम्हाला खरोखर उपयोग होतो. वसंतात गेलात तर परतण्याआधी कपडे झटका, तेव्हा किडीची पिल्लं चालती असतात आणि अंगावर बसून पुढच्या रानात जातात. आणि नोव्हेंबरात गेलात तर अंधार पडेपर्यंत थांबा, बॅटरी बंद ठेवा आणि तिला ऐकू द्या.